सविताच्या वाटेने डिंभ्याला

डिंभ्याला जायचं ठरलं ते धरण बघायला नाही. पुण्यात मी कमी ऐकू येणाऱ्या लहान मुलांचा वर्ग घेते. मूल मांडीवर असतानाच कानाला मशीन लागतं आणि दिवसभर त्याच्याशी कसं बोलायचं, ते त्याची आई माझ्याकडे शिकते. सविता तीन वर्षं दर मंगळवारी प्राचीला घेऊन डिंभ्याहून यायची. आता प्राची सहा वर्षांची झाली आणि त्यांच्या वाडीतले गुरुजी तिला पहिलीत घ्यायला कचरत होते. "बाई, तुमी येऊन सांगा," सविता फोनवर म्हणाली.

सकाळी सहाला शिवाजीनगरहून एसटी धरली. मंचरपर्यंत रस्ता छान. स्टँडजवळची मिसळ जरूर खा, पण आधी पुढच्या गाडीची चौकशी करा. मी उलटं केलं आणि डिंभ्याची गाडी गेली. पुढची कधी, ते कुणालाच नक्की सांगता येईना. शेवटी घोडेगावपर्यंत मिळेल ती गाडी, तिथून जीपमध्ये दाटीवाटीने बसून पोचायला साडेअकरा वाजले. वर्गाला उशीर झाला म्हणून सविताला मी कितीदा बोलले होते, ते त्या जीपमध्ये आठवलं. ती तर हे सगळं लेकीला कडेवर घेऊन करायची. उतरल्या उतरल्या तिची माफी मागितली. ती नुसती हसली आणि प्राचीला नि मला शाळेकडे घेऊन गेली.

गुरुजी माणूस भला. भरल्या वर्गात पोर मागं पडेल, एवढीच त्यांची काळजी. मी प्राचीच्या तपासणीचे कागद काढले, मशीन कसं चालतं ते समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसेना. प्राची आमच्याकडे पाठ करून भिंतीवरची चित्रं बघत होती. गुरुजी उठले, तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "काय गं, आज बाबांनी कोणता मासा आणला?"

सविताने माझा हात घट्ट धरला. हा प्रश्न आम्ही सरावात कधी घेतलाच नव्हता.

प्राची वळली. "मासं न्हाई आणलं. जाळं फाटलंय. लई मोठं भोक पडलंय."

गुरुजी टेबलाशी परत आले. मग रजिस्टर उघडून त्यांनी पूर्ण नाव विचारलं, मला नाही, तिला. तिने आडनावासकट सांगितलं. तिला पहिल्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, असं मी म्हटलं. ते त्यांनी लिहून घेतलं.

प्राचीचं ते उत्तर माझ्या पुस्तकी मराठीत नव्हतंच. घरात, पाण्याच्या काठी कानावर पडलेली डिंभ्याची बोली होती ती. म्हणजे मी नसतानाही पोरगी रोज ऐकत होती. तीन वर्षं तिच्याशी कोण बोलत होतं, ते मला त्या एका उत्तरात कळलं.

मासे नव्हतेच, तेव्हा सविताकडे पिठलं-भाकरी आणि कांदा. इतक्या चवीने मी क्वचितच जेवले असेन. तुम्ही गेलात तर परतीची गाडी दुपारीच गाठा.

घरी येऊन फोन उघडला, तर धरणाचा एकही फोटो नाही. सगळे शाळेच्या पायरीवर बसलेल्या त्या मायलेकींचे. ते फोटो पुष्कळांनी माझ्याकडून मागून घेतले. माझ्याकडे येणाऱ्या नव्या आया ते पुन्हा पुन्हा बघतात.

आठवड्याने सविताचा फोन आला. गुरुजींनी शाळेत बोलावलं होतं म्हणे. मी धसकले.

"तक्रार हाय बाई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "प्राची वर्गात लई बोलती."