सीटबेल्टची क्लिप

माझा मोठा भाऊ पोलिसांची पाठलागाची गाडी चालवायचा. गाडीचा पिकअप जबरदस्त, पण सीटबेल्ट लावला नाही की ती सारखी पीं पीं करायची. म्हणून तो नाइलाजाने बेल्ट लावायचा. "चोर उतरून पळाला, तर मी पट्टा सोडत बसू का?" असं कुरकुरायचा.

मी वाचनालयात नोकरी करतो, गाडी कधी चालवली नाही. तरी त्याच्या वाढदिवसाला पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानातून मी एक क्लिप आणली. ती बेल्टच्या खाचेत खोचली की गाडीला वाटतं, बेल्ट लावलाय. भाऊ खूश झाला. "काय भो, एवढी पुस्तकं वाचून हे शिकलास? पोलिसालाच कायदा मोडायला लावतोस!" मीही हसलो.

चार महिन्यांनी इच्छापोरच्या रस्त्यावर पाठलाग करताना त्याची गाडी वळणावर सुटली आणि दुभाजकावर आदळली. शेजारचा शिपाई बेल्टमुळे वाचला. भाऊ गेला.

तेराव्यानंतर डिंडोलीच्या घरी वहिनीने पोलिसांनी दिलेली त्याच्या वस्तूंची पिशवी उघडली. घड्याळ, चाव्या आणि ती क्लिप.

"भाऊजी, हे काय हो?"

"गाडीचाच काहीतरी भाग असेल," मी म्हणालो.

तिने क्लिप पदराने पुसली आणि त्याच्या फोटोपुढे ठेवली. खरं सांगायला तोंड उघडलं नाही, आजही उघडत नाही. तिच्याकडे गेलो की मी फोटोला डोळे मिटून नमस्कार करतो. वहिनीला वाटतं, मला रडू आवरत नाही.