तूवाच्या आधी

सिक्स्टेनचा जळफळाट नुसता त्याच्या कॉफी ढवळण्यावरून कळायचा. एकतीस वर्षं तो गावच्या पेपरात बातमीदार होता. रोज सकाळी आठला नगरपालिकेच्या खिडकीपाशी जाऊन बसायचं, तिथल्या कारकून गुनवोरकडून पालिकेला आलेल्या टपालाचा गठ्ठा घ्यायचा आणि वेलदोड्याचा पाव खात एकेक कागद चाळायचा. कोण, कशाला, असं गुनवोरने विचारायचं नाही. स्वीडनचा कायदाच तसा, सरकारी कागद सगळ्यांना खुला.

निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. जाताना एकदा पहिल्या पानावर नाव यावं, एवढीच इच्छा. आणि ही पेपरात कालच आलेली पोरगी, तूवा! कधी खिडकीशी फिरकली नाही, घरबसल्या मेल करून कागद मागवते. तरी महिन्यात तीनदा पहिलं पान हिचंच! सिक्स्टेनला घास गोड लागेना.

आता ही कशाच्या मागे आहे? सापडायला सोपं होतं. पालिकेला आलेली मेलही सरकारी कागदच, कुणीही मागावी. पण गुनवोरसमोर तोंडाने मागायची लाज वाटली, म्हणून या शहाण्याने घरून मेल ठोकली: ‘तूवाने कागद मागायला पाठवलेल्या सगळ्या मेल दाखवा.’ खाली स्वतःचं नाव. तोंडी मागितलं असतं तर मागे काही उरलं नसतं. हे त्याला कळू नये? पण मत्सराने डोकं फिरलं की माणूस काहीही करतो.

दुसऱ्या दिवशी गुनवोरने गठ्ठा पुढे सरकवला. सर्वांत वर तूवाची ताजी मेल होती: ‘सिक्स्टेनने आजवर तुमच्याकडे जे जे लेखी मागितलं, ते सगळं हवं. निरोपाचा लेख लिहितेय. त्याला कळू देऊ नका हं.’

सिक्स्टेन खिडकीत वाकून कुजबुजला, “गुनवोर, अगं, माझी कालची मेल तेवढी काढून टाक ना.”

“आली ती आली.”

“एकच तर आहे.”

“मीही मागे पालिकेला आलेली एकच चिठ्ठी फाडली होती, सिक्स्टेन. तू नावासकट छापलंस.”

तेवढ्यात तूवा आलीच. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीशी! गुनवोरने तिचा गठ्ठा तिच्या हाती दिला. सिक्स्टेनची कालची मेल सर्वांत वर. तूवाने वाचला, पुन्हा वाचला, आणि कानापर्यंत लाल झाली.

“सिक्स्टेन, हे... वगळू का?”

“हो,” असं अगदी ओठांवर आलं होतं. याच खिडकीशी किती नगराध्यक्षांनी त्याच्यापुढे हात जोडले होते, आणि त्याने कुणाचं म्हणून ऐकलं नव्हतं.

“वगळतेस काय? छाप,” तो खेकसला. “पण पहिल्या पानावर.”