आधी माप, मग कैची

वर्गात शिरल्या की बाई आधी गळ्यातली फीत काढायच्या, टेबलावर पसरून तळहातानं सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "आधी माप, मग कैची. कैचीले मागं फिरता येत नाही, पोरीहो." चिखली तालुक्यातल्या आमच्या त्या शाळेच्या व्हरांड्यातून तुम्ही गेला असतात, तर हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असतं. शेजारच्याच वर्गात मी शिकवायचो. मी ते रोज ऐकलं आणि त्यातून काही शिकलो नाही.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. मीटर नवा होता. बाईंच्या फितीच्या एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. मुलींकडून त्या दोन्ही मोजून घ्यायच्या. खिडकी, फळा, एकमेकींची बाही. एकदा तर मुख्याध्यापक बाहेर गेल्याचं पाहून त्यांची खुर्चीही. "दुकानदार मीटरनं देते आन् माय वारानं मांगते. मधात फसते कोन? तूच!" गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या मुली इथे अपूर्णांक सोडवायच्या आणि वर भांडायच्या, माझं बरोबर, तुझं चूक म्हणून.

मराठी, हिंदी, गणित, इतिहास, भूगोल, विज्ञान हे सगळ्यांना सक्तीचे. ऐच्छिक मात्र तीन: शेती, शिवण आणि संस्कृत. तिन्हींतला एक घ्यायचा. शेतीला मुलांची रीघ असे. शिवण बाईंकडे. संस्कृत माझ्याकडे, आणि ते फारसं कुणाला नको असे.

एकदा मी बाईंना म्हणालो, "मुलींना शिवण घरी येतंच की. त्यासाठी शाळा कशाला?"

बाई हसल्या. "भाऊ, सक्तीच्या विषयापायी कोनता बाप पोरीले शाळेत धाडते? म्या दारात जाऊन सांगतो, पोट्टी झंपर शिवाले शिकन. बाप म्हनते, ने. एका तासापायी बाकीचे सहा तास बी तिच्या गळ्यात पडतेत. पडू द्या."

हे त्यांचं सगळं कारस्थान होतं. जूनमध्ये उन्हातान्हात त्या घरोघर फिरायच्या. पायात चपला, डोक्यावर पदर, गळ्यात फीत. एखाद्या बापानं नाही म्हटलं की म्हणायच्या, "बरं, उद्या येतो." आणि उद्या खरंच जायच्या.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी सांगितलं, सहावी-सातवी मिळून ज्या विषयाला पंधरा नावं भरतील तोच चालेल. माझी नेमणूक तात्पुरती होती. संस्कृत बंद म्हणजे मी घरी.

मुलांना घरून भरून आणायला पसंतीच्या चिठ्ठ्या दिल्या. त्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे एक रीत होती. लिहिता न येणारे पालक खाली अंगठा द्यायचे आणि वरची जागा कोरी सोडायचे. "गुरुजी भरतीन," म्हणायचे. गुरुजींवर विश्वास असायचा.

मुली सतरा. अकरा चिठ्ठ्यांवर शिवण लिहिलेलं होतं. सहा कोऱ्या होत्या. त्या सहाही घरी बाई स्वतः जाऊन आल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. मुलांमधून संस्कृतची दहा नावं होती.

पाच चिठ्ठ्यांवर मी संस्कृत लिहिलं. सहाव्या चिठ्ठीवर शिवण लिहिलं. ती एक मी का सोडली? न्याय केल्यासारखं वाटावं म्हणून. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

संस्कृत पंधरा, शिवण बारा; शिवण बंद. यादी फळ्यावर लागली. बाईंनी बोट ठेवून नावं दोनदा मोजली. मग मला म्हणाल्या, "भाऊ, लोक तोंडावर हो म्हनते आन् मागून फिरते. म्याच मानसाचं माप चुकलो."

मी हजेरीपट उचलला आणि वर्गात गेलो.

चार दिवसांनी कमलचा बाप शाळेत आला. सातवीतली कमल, मापाला सगळ्यांत पक्की. तो दारातूनच ओरडला, "संस्कृत शिकून पोट्टी काय सत्यनारायन सांगनार हाय? शिवनकाम होतं म्हनून धाडत होतो. आता काऊन धाडू?" त्यानं तिचं नाव काढलं. त्याच आठवड्यात गोदावरीचंही निघालं.

बाई दोन्ही घरी गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्याकडे. "गोदीचा बाप म्हनते, आमी तर कोऱ्या कागदावर अंगठा देल्ला. लिहिलं ते तुमच्याच शाळेनं. कोऱ्या चिठ्ठ्या कोनाजवळ आल्या होत्या, भाऊ?"

"मोठ्या गुरुजींकडे गेल्या असतील," मी म्हणालो.

बाई मुख्याध्यापकांशी भांडायला गेल्या. खुर्चीचं माप घेतल्याची गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली होती. ते म्हणाले, बाई, यादी लागली, आता विषय संपला.

बाईंचा विषय संपला नव्हता. त्यांनी भाड्याच्या खोलीच्या ओसरीवर स्वतःचं मशीन मांडलं. शाळेआधी तासभर शिवण. अट एकच: "इथून उठायचं ते शाळेतच जायचं. दप्तर आनलं नाही तिले सुई भेटनार नाही." सकाळी मी दात घासायला बाहेर आलो की समोर मशीन खडखडत असायचं आणि ओळीनं दप्तरं ठेवलेली. महिनाभरात गोदावरी परत आली. तिला हाताला धरून बाईंनीच वर्गात आणलं, तेही नेमकं माझ्या तासाला. "घ्या जी, हिचं पाठांतर घ्या," म्हणाल्या.

कमल आली नाही. बाई तिच्या दारी जात राहिल्या. शाळेनं त्यांना वर्षापुरतंच ठेवलं होतं; पुढच्या जूनमध्ये त्यांना चिखलीला एका शाळेत काम मिळालं. एस.टी.त चढताना त्यांनी माझ्या हातात कापडाची घडी दिली. निळ्या छिटाचं झंपर, कापलेलं, पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घातलेलं. "कमलचं हाय. म्या गेलो की ते पोट्टी लपते. तुमी नेऊन द्या, भाऊ. तुमचं आयकतीन."

मी नेलं नाही. कोणत्या तोंडानं नेणार? पुढे मी कायम झालो, नंतर मुख्याध्यापक झालो, पेटी बदलली, घर बदललं. घडी प्रत्येक पेटीच्या तळाशी राहिली. कोरी चिठ्ठी मात्र त्यानंतर मी कधी घेतली नाही. पालक येऊन समोर बोलेपर्यंत नाही. लोक म्हणतात, साहेब शिस्तीचे आहेत.

मागच्या पौषात चिखलीच्या बाजारात कळलं, बाई गेल्या. घरी आलो, घडी काढली आणि ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. कमल उंद्रीला दिली होती. रविवारी गेलो.

ती अंगणात तूर पाखडत होती. मी बसलो आणि सरळ सांगितलं, "कमल, तुझ्या चिठ्ठीवर संस्कृत मी लिहिलं होतं. माझी नोकरी टिकावी म्हणून."

सूप थांबलं. ती म्हणाली, "बाबा मले म्हने, बाईनंच तुयं नाव कापलं. बाई दारात आल्या की म्या कनगीमागं लपून बसो. पाच-सहा डाव आल्या असतीन." मग तिनं विचारलं, "बाईले हे सांगतलं काय तुमी?"

"नाही."

"आता कोन सांगन?"

"बाईंनी तुझ्यासाठी शिवायला घेतलं होतं," म्हणत मी घडी पुढे केली. तिनं ती उलगडली, टाक्यांवरून बोट फिरवलं. आतून तिची मुलगी पाणी घेऊन आली, अकरा-बारा वर्षांची. कमलनं तिला उभं केलं आणि झंपर तिच्या खांद्याला लावलं. दोन बोटं कमी पडत होतं.

"थांब, हलू नको," ती मुलीला म्हणाली. घरात फीत नव्हती. तिनं पदराची किनार ताणली आणि खांद्यापासून मोजायला घेतलं. माझ्याकडे तिनं परत पाहिलं नाही.