वाटीभर संशय

चेहऱ्याच्या स्क्रबच्या कारखान्यात अकरा वर्षं चाळण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, म्हणून सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत. स्वभावही तसाच, अहो! दूध असो की माणूस, चाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही. कुलूप तीनदा ओढून बघणार. लेकीचं स्थळ आलं तेव्हा तर जावयाच्या दाढांपर्यंत चौकशी झाली होती. स्थळ कारखान्यातल्याच स्टोअरकीपरच्या घरचं. त्या घरात खोट म्हणून सापडली नाही, आणि स्टोअरकीपर झाले बाईंचे व्याही.

स्क्रबमध्ये पूर्वी प्लास्टिकचे बारीक पांढरे मणी असत. एक दिवस मालकीणबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. "तोंड धुतलं की हे मणी मोरीतून नदीत, नदीतून माशात, आणि माशातून आपल्याच पोटात. आजपासून बंद. यापुढे अक्रोडाच्या कवचाची पूड." डब्यांवर हिरवं पानही छापून आलं.

"पान छापलं म्हणून डबी काय झाडाला लागते?" चाळणीबाई पुटपुटल्या. उरलेल्या मण्यांची सात पोती अजून स्टोअरमध्येच पडून होती. पुरवठादार परत नेणार होता म्हणे. म्हणे! कुठेतरी पाणी मुरतंय, हे बाईंनी तिथेच ठरवून टाकलं.

मालाच्या कार्डावर सही बाईंची, तेव्हा त्यांनी आपली परीक्षा सुरू केली. चाळलेली पूड चिमूटभर घ्यायची आणि वाटीभर साबणाच्या पाण्यात ढवळायची. कवच बुडतं, प्लास्टिक तरंगतं. पहिल्याच दिवशी चार पांढरे मणी वर आले. दुसऱ्या दिवशी तीन. बाई तडक स्टोअरमध्ये गेल्या, तर मण्यांच्या एका पोत्याचं तोंड उघडं! आणि किल्ली फक्त व्याह्यांकडे.

"उंदरांनी कुरतडलंय हो, विहीणबाई," व्याही म्हणाले. "मी कशाला मिसळू? निवृत्तीला दोन महिने राहिलेत माझ्या!" त्यांचा आवाज चढला तसा बाईंचा संशय पक्का झाला. चोराच्या उलट्या बोंबा! त्या वाटी घेऊन सरळ मालकीणबाईंकडे गेल्या. मालकीणबाईंनी किल्ल्या काढून घेतल्या आणि व्याह्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, सासरे जेवत नाहीयेत. कुणाशी बोलत नाहीयेत. तू हे काय करून बसलीस?"

"मी डोळ्यांनी बघितलंय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुडीचं नवं पोतं आलं. शिलाई शाबूत, किल्ल्या मालकीणबाईंकडे. बाईंनी स्वतःच्या हाताने ते उसवलं, चाळलं, वाटीत ढवळलं. दोन मणी वर आले.

बाईंनी वाटी ओतून स्वच्छ धुतली. त्यांनी पुन्हा चिमूट घेतली, पण या वेळी न चाळता, थेट पोत्यातून. वाटीत एकही मणी तरंगला नाही. मग त्यांनी टेबलावर काळं फडकं पसरलं आणि आपली लाडकी चाळणी त्यावर आपटली. कडेच्या पट्टीखालून पांढरे मणी टपाटप पडले. किती वर्षांचे अडकले होते, देव जाणे.

पूड बदलली तेव्हा नवी चाळणी मिळाली होती की त्यांना! "नव्या जाळीचा काय भरवसा?" म्हणत त्यांनीच ती कागदासकट खिळ्याला टांगून ठेवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाई तिथेच स्टुलावर बसून रडल्या.

मग चाळणी उचलून त्या मालकीणबाईंकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मालकीणबाईंनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच हातात ठेवला. "तुम्हीच नेऊन द्या."

दार लेकीने उघडलं. व्याही खुर्चीत बसले होते. बाईंनी किल्ल्या आणि सोबत आणलेली चाळणी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. "माझंच चुकलं. तुमच्याकडे बोट दाखवण्याआधी ही झाडून बघायला हवी होती." शरमेने त्यांना मान वर करवेना.

"अकरा वर्षं," व्याही म्हणाले, "तुम्ही चाळलेल्या पोत्यावर चिठ्ठी लावलीत की मी ते कधी उघडून बघितलं नाही." मग सुनेकडे वळले. "काळं फडकं आण गं एखादं."

त्यांनी फडकं मांडीवर पसरलं आणि चष्मा लावला.

"हं, विहीणबाई. आपटा बघू माझ्यासमोर."

बाईंनी चाळणी आपटली. ते खाली वाकून एकेक मणी बोटाने दाबून बघत राहिले.