हात पोचेल अशी टाकी

माझी आत्या आयुष्यभर कपडे शिवत आली. गिऱ्हाइकांच्या मापाचे खाकी कागद तिने कधी टाकले नाहीत. माणसं जाडावली, गाव सोडून गेली, काही वारली. त्यांचे खांदे, छात्या आणि बाह्या मात्र आत्याच्या पेट्यांत घडी होऊन पडल्या होत्या.

सून इस्पितळात रात्रपाळी करायची आणि दिवसभर झोपायची. मशीनच्या आवाजाने ती दचकून उठे. आत्याच्या डोळ्यांना दिवसाचाच उजेड लागे. दोघींचंही बरोबर होतं, आणि घर तेवढंच होतं. कुणी काही बोललं नाही, पण मशीनवर चादर पडली ती पडलीच.

तेव्हा आत्याने परसात स्वतःची खोली बांधायचं मनावर घेतलं. पेट्यांतले कागद भिजवून त्यांचा लगदा करायचा, त्यात सिमेंट आणि वाळू मिसळून विटा पाडायच्या. वाळल्यावर वीट इतकी हलकी होते, की तिला एकटीला उचलता यावी.

लगद्यासाठी टाकी बघायला ती मुलाबरोबर भंगारवाल्याकडे गेली. मुलाने उंच निळं पिंप पसंत केलं.

"ड्रिलला पातं लावून फिरवलं की पाच मिनिटांत लगदा."

आत्याने काठावरून आत हात घातला. तो निम्म्यातच लोंबकळला. "तळाचा माल कोण काढणार?"

"मी काढीन की. रविवारी."

"आणि सोमवारी?"

भंगारवाला हसला. "मावशी, पोरालाच पिंपात सोडा. लहानपणी लपायचा असेलच."

"तेव्हा मावत होता."

मागे जनावरांना पाणी पाजायची पत्र्याची पसरट टाकी उपडी पडली होती. आत्याने ती उलथवली आणि आत उभी राहिली. काठ गुडघ्याच्या जरा वर आला.

"ह्यात पातं बुडणार नाही, आई."

"ड्रिल नकोच. तुझी बायको उठेल. मी पायांनी तुडवीन."

"वर्ष लागेल अशानं."

"मला कुठं गाडी गाठायचीय?"

तो पिंपावर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझी मदत नकोच."

"हवी आहे. पण तू नसलास म्हणून काम अडायला नको. मशीन बंद पडल्यापासून मी सगळ्यांच्या उठण्याची वाट बघते आहे."

टाकी त्यानेच खांद्यावर घेतली. घरी आल्यावर आत्या घसरू नये म्हणून काठाला धरायचा दांडा बसवून दिला.

खाकी कागद चिवट. तो मऊ पडेपर्यंत आठवडा गेला. मग रोज दुपारी आत्या लुगडं खोचून टाकीत उतरायची. पावलं तीच, मशीनची, टाच आणि चवडा. लगदा झाला की बाहेर येऊन पाय धुवायची आणि मगच हातमोजे घालून सिमेंट कालवायची. घरात सून झोपलेली असे. पायांखाली कुणाची कंबर होती नि कुणाचा गळा, हे आता आत्यालाही सांगता आलं नसतं.

रविवारी मुलगा उशिरा उठून परसात आला. आत्या टाकीत होती. पलीकडे विटांच्या दोन ओळी वाळत होत्या.

"हाक मारायची ना."

"झोपला होतास."

त्याने विजार वर दुमडली आणि एक पाय काठावर टाकला.

"पाय धुऊन ये," आत्या म्हणाली.

"लगद्यातच तर उतरायचंय."

"भिंत माझी आहे."

तो नळाकडे गेला.