नंबर कुणाचा

इंग्रजी वाक्यातली चूक हुडकायला मी निमोण्याला, सासरी, चुलीपुढे बसून शिकले. ह्यांना आणि मला, दोघांना बँकेची परीक्षा द्यायची होती. म्हणजे द्यायची खरी ह्यांना. मी माहेरी दौंडला बी.ए. झालेली, म्हणून सोबतीला. सासरे म्हणाले होते, तिला फॉर्म भरू दे, नोकरीचं पुढचं पुढं बघू. ते 'बघू' मला दिवसभर टोचायचं.

हे वाक्य मोठ्याने वाचायचे, मी भाकरी थापत चूक सांगायची. 'एका भावाने दुसऱ्याला सांगितलं की तो नापास झाला.' आता नापास कोण? ह्यांना प्रश्नच पडायचा नाही. आम्ही बायका जन्मभर 'हे' म्हणतो आणि 'हे' कोण ते गावाला ठाऊक असतं. इंग्रजीचं तेवढ्यावर भागत नाही. 'शिरूरची हवा दौंडपेक्षा बरी' यातही ह्यांना चूक दिसेना. हवेची तुलना हवेशी करा, गावाशी काय करताय, असं मी म्हटलं की माहेरची बाजू घेते म्हणून हसायचे. परीक्षा तोंडावर आलेली आणि ह्यांना हसू सुचतंय! माझं डोकं तडकायचं.

परीक्षा दोघांनीही दिली. निकालाच्या दिवशी हे पेपरात नंबर बघायला शिरूरला गेले. मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. दुपारी किराणा दुकानदार सांगत आला की शिरूरहून फोन होता, बँकेत नंबर लागला. कुणाचा, ते कुणी विचारलंच नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सासऱ्यांनी शाल-नारळ आणवला, भावकी ओसरीवर जमली. मी आत चहाचं आधण ठेवलं. ह्यांचा लागला असेल तर आनंदच होता, पण मग माझं काय? आणि माझा असेल तर एवढ्या माणसांपुढे ते सांगणार कोण? विचारायला जीभ रेटेना आणि त्याचाच मला संताप येत होता.

हे दारात आले तशी चुलतसासऱ्यांनी खांद्यावर शाल टाकली. ह्यांनी ती काढून घडी घातली आणि वडिलांना सांगितलं,

"माझा न्हाई लागला, आबा. हिचा लागलाय."

हे शाल घेऊन सरळ स्वयंपाकघरात आले. चेहरा पार उतरला होता. माझ्या हातात शाल देऊन गाळणी घेत म्हणाले, "च्या मी आनतो. तू भाईर जा."

मी पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिले. सासऱ्यांनी मान वर करून मलाच विचारलं, "कवा हजर व्हायचंय?"

"पत्र आलं की दुसऱ्या दिवशी," मी म्हणाले आणि कुणी मध्ये बोलायच्या आत शिरूरच्या पहिल्या एसटीची वेळसुद्धा सांगून टाकली.