ग्रोझ्दानभाऊंचा लाल धागा

कुंपणापलीकडचे ग्रोझ्दानभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले सगळ्यात धास्तावलेले गृहस्थ. गिरणीतल्या यंत्राने डाव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हापासून त्यांना परसात जिथे तिथे दातच दिसतात. दंताळं ठेवायचं ते दात खाली करून. विहिरीवर फळी, फळीवर दगड. विळा उंच खुंटीला. मी अनवाणी कांद्याची पात खुडायला निघाले की कुंपणावरून ओरडतात, "स्तोयनावहिनी, पायात काही घाला! देव पाय परत देत नसतो!"

एवढा सावध माणूस, पण फवारणीचं औषध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायचा. मोठा डबा त्या हाताला पेलत नाही. बाटलीच्या गळ्याला लाल लोकरीचा धागा बांधला की झालं. "लाल म्हणजे मरण," ते नातीला बजावायचे. मी ती बाटली कितीदा पाहिली असेल, पण बोलले नाही.

आज देवमातेचा सण. आज मातीला लोखंड लावत नाहीत. मी देवळातून परतले, तर भाऊ कुदळ घेऊन द्राक्षांच्या वेलीत.

"सणाच्या दिवशी कुदळ, भाऊ?"

"गवताला कुठला सण, वहिनी? माझ्या वाटची मेणबत्ती लावलीत ना?"

"लावली. पण तुमच्या पापांना एक पुरायची नाही."

हसता हसता ते पाणी प्यायला बाकाशी गेले आणि तिथेच थिजले. बाकाखाली दोन बाटल्या होत्या, एक पाण्याची, एक औषधाची, सारख्याच. दोन्हींत पाण्यासारखंच स्वच्छ. धागा एकीलाही नव्हता.

"बिलू, धागा कुठंय?"

पाच वर्षांची बिल्याना फुललेल्या प्लमखाली उभी होती. सकाळी तिने वर्षातला पहिला करकोचा पाहिला होता. मग मार्चमध्ये तब्येतीसाठी मनगटावर बांधलेली मार्तेनित्सा, म्हणजे लाल-पांढरा धागा, सोडून झाडाला बांधायची, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला ठाऊक.

"झाडाला बांधला, आजोबा! बाटलीची मार्तेनित्सा राहिली होती. तिनेपण करकोचा पाहिला ना!" मग म्हणाली, "मग मला तहान लागली."

"कुठल्या बाटलीतलं प्यायलीस?"

"निळ्या टोपणाची."

दोन्ही टोपणं निळी होती.

भाऊंनी एक बाटली तोंडाकडे नेली. "चाखून बघतो."

कुंपणाची फळी सरकवून मी कशी आत गेले, देव जाणे. त्यांच्या हातावर फटका मारला. "एकीला सांभाळू का दोघांना?" मी दूध आणायला धावणार, तेवढ्यात त्यांनी रुग्णालयाला लावलेल्या फोनवरून तिथली बाई म्हणाली, "काही पाजू नका, उलटी काढू नका. दोन्ही बाटल्या आणि मूळ डबा घेऊन लगेच या."

आमच्या ह्यांनी गाडी काढली. वाटभर पोर विचारत होती, "मी काय केलं?" भाऊ दोन्ही बाटल्या मांडीवर धरून बसले होते. रुग्णालयाच्या बाकावर मी प्रार्थना सुरू केली. पहिल्या ओळीपुढे शब्दच आठवेनात. दोन तास तीच ओळ म्हणत बसले.

पोर प्यायली ते पाणीच होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तरी सकाळपर्यंत ठेवून घेतलं. सून, बिलूची आई, आली. सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही आता घरी जा."

संध्याकाळी भाऊ प्लमखाली उभे होते. फांदीला दोन धागे.

"तो बाटलीचा काढून टाका," मी म्हटलं.

"तिने बांधलाय, कसा काढू?" त्यांनी धाग्याची गाठ चाचपली. "बोलायला लागल्यापासून शिकवतोय, लाल म्हणजे मरण. आईने शिकवलं, लाल म्हणजे वर्षभर तब्येत चांगली. पोरीने आईचं ऐकलं, वहिनी. बरोबरच केलं तिनं."

मी घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. मोरीखालून नळी साफ करायच्या औषधाची बाटली काढली. तिच्यावर अजून चेरीच्या सरबताची चिठ्ठी होती.